वाट्यांचं यंत्र

संगणकाला सगळं येतं, असं मी वर्गात सांगितलं आणि त्याच दुपारी विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. मी नागपूरची, लग्न होऊन काशीला आलेली, विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवायला नुकतीच लागलेली. प्रयोगशाळेत चालू स्थितीतले संगणक मोजके आणि मुलं ढीगभर. एखाद्याचा प्रोग्राम गोल गोल फिरत राहिला की त्याची पाळी वाया जायची, मागच्याचीही जायची, आणि वीज गेली तर सगळ्यांचीच.

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, ऐसा एक प्रोग्राम बना दीजिए, जो पहले ही बता दे कि किसका प्रोग्राम लटकेगा."

"सर, वो बन ही नहीं सकता."

"समय कम है?"

"नहीं सर. गणित ही मना करता है."

त्यांनी चष्मा काढला. "अभी तो आप पढ़ा रही थीं कि कंप्यूटर सब कुछ कर सकता है. पूरा बरामदा सुन रहा था."

मी काहीतरी पुटपुटून बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर मात्र मनात उत्तरांवर उत्तरं सुचायला लागली. घरी येईपर्यंत मी नुसती धुमसत होते.

आमचं घर मंगला गौरीच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. सासरे आयुष्यभर एका संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना मामंजी म्हणायची. सासूबाईंचा जन्मच काशीचा. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली असायची की पहिले काही महिने मला अर्धं बोलणं अंदाजाने घ्यावं लागलं. त्या दिवशी चहा घेता घेता मी घडलेला प्रकार सांगितला. मला वाटलं होतं, मामंजी हसतील आणि सोडून देतील.

ते म्हणाले, "चूक तुझी आहे. 'सगळं' म्हणजे काय ते तू सांगितलंस का?"

"सगळं म्हणजे जे जे ठरलेल्या नियमांनी, एकेक पायरीने, मध्ये अक्कल न लावता करता येतं, ते."

"मग तसं म्हण. नुसतं 'सगळं' म्हटलंस तर पोहणंसुद्धा त्यात आलं. ही अतिव्याप्ती झाली. लक्षणात नको ते शिरलं." त्यांनी कप खाली ठेवला. "आता हे सांग. नियमाने जे करता येतं, ते सगळं तुझं यंत्र करतं, हे सिद्ध झालंय?"

लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण माझ्या विषयातला प्रश्न घरात मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी पाट जवळ ओढला.

"नाही मामंजी. आणि ते सिद्ध करताही येणार नाही. 'नियमाने करणं' ही माणसाच्या मनातली कल्पना. यंत्र ही कागदावरची व्याख्या. मनातलं आणि कागदावरचं एकच आहे हे कशाने सिद्ध करणार? साठेक वर्षांपूर्वी एका तरुण इंग्रज गणितज्ञाने हे यंत्र कल्पनेत रचलं. इतरांनी आपापल्या वाटेने वेगळ्याच व्याख्या केल्या. पण प्रत्येक व्याख्येतून नेमकं तेवढंच बाहेर आलं, ना कमी ना जास्त. एवढाच काय तो आधार."

"म्हणजे विश्वास आहे."

"तपासलेला विश्वास आहे."

त्यांचे डोळे चमकले. "आमच्याकडे आधी विषयाचं नाव घ्यायचं, मग लक्षण सांगायचं, मग परीक्षा करायची. तुमची परीक्षा चालूच आहे म्हणायची. चांगलं आहे. आणि तो न होणारा प्रोग्राम? तोही विश्वासच?"

"नाही! ते सिद्ध आहे. पक्कं."

"वा! म्हणजे यंत्राला काय येतं ते सिद्ध नाही, आणि काय येत नाही ते सिद्ध आहे." ते उठून खोलीत येरझारा घालायला लागले. सासूबाई आतून म्हणाल्या, "आता यांचं जेवण गेलं."

चारच दिवसांनी भाद्रपद लागणार होता. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात रोज संध्याकाळी एक कार्यक्रम असायचा. त्या वर्षी पुण्याहून यायचे कीर्तनकार आजारी पडले आणि एक संध्याकाळ रिकामी राहिली. मामंजी समितीत होते. त्यांनी मला न विचारता माझं नाव घातलं. मला कळलं ते मंडळाच्या फळ्यावर वाचून: 'यंत्राला काय येत नाही.' खाली माझा उल्लेख, आणि त्याखाली 'पूर्वपक्ष', म्हणजे आक्षेप घेणारे, म्हणून मामंजी.

"मामंजी, तिथे आज्या येतात, लहान मुलं येतात. मी काय सांगू त्यांना?"

"मला सांगितलंस तेच सांग. मात्र दाखव. आमचे गुरुजी म्हणायचे, घट शिकवायचा तर घट समोर ठेवावा."

मी दोन दिवस डोकं खाजवलं. कल्पनेतल्या त्या यंत्राला हवी घरं पाडलेली एक लांबच लांब पट्टी, प्रत्येक घरात एक खूण, आणि एका वेळी एकच घर पाहणारा कुणीतरी. ओट्यावर सासूबाई वाट्या पुसून ठेवत होत्या, काही उपड्या, काही सुलट्या. मी ओरडलेच. त्यांच्या हातातली वाटी खाली पडली.

"काय झालं? छिपकली?"

"नाही आई! मंडळाच्या भांडारात वाट्या किती असतील?"

"पंगतीच्या? ढेर आहेत. तुला कशाला?"

त्या संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला. गणपतीपुढून दारापर्यंत मी स्टीलच्या वाट्यांची एक सरळ रांग मांडली होती. सुरुवातीला तीन सुलट्या, मग एक उपडी, मग दोन सुलट्या, आणि पुढे दारापर्यंत सगळ्या उपड्या. एका तबकात झेंडू, जास्वंद आणि दूर्वा. हे तबक घेऊन रांगेच्या कडेने एकाने चालायचं. दुसऱ्या हातात तिन्हीपैकी जे असेल ती यंत्राची त्या क्षणाची मनःस्थिती. समोरची एक वाटी सोडून काहीही बघायचं नाही.

नियम मी मोठ्याने वाचले. हातात झेंडू असताना वाटी सुलटी दिसली तर पुढच्या वाटीकडे जा. उपडी दिसली तर ती सुलटी कर, झेंडू ठेवून जास्वंद घे आणि पुढे जा. हातात जास्वंद असताना सुलटी दिसली तर पुढे जा. उपडी दिसली तर एक वाटी मागे ये आणि दूर्वा घे. हातात दूर्वा असेल तर समोरची वाटी उपडी कर आणि थांब.

चालायला बँकेतले एक गृहस्थ हौसेने पुढे आले. तिसऱ्या वाटीपाशीच त्यांनी ओळखलं, "अच्छा, ही तीन आणि दोनाची बेरीज आहे!" आणि सरळ मधली वाटी सुलटी करून, शेवटची सुलटी पालथी घालून मोकळे झाले. टाळ्या पडल्या. मी कासावीस झाले. "अहो, तुम्ही समजून घेतलंत! यंत्राने समजून घ्यायचं नसतं."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. "मी करते. मला बेरीज-फेरीज काहीही दिसलेली नाही, म्हणून मी बिलकुल ठीक चालेन."

सासूबाई! त्यांनी पदर खोचला, तबक घेतलं, झेंडू हातात धरला. मी नियम वाचायचे, त्या करायच्या. सुलटी, पुढे. सुलटी, पुढे. सुलटी, पुढे. उपडी! वाटी सुलटी केली, जास्वंद घेतलं, पुढे. शेवटी एक पाऊल मागे, हातात दूर्वा, वाटी उपडी, आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"आता?"

"आता थांबायचं, आई. झालं."

लोकांनी मोजलं. सलग पाच सुलट्या वाट्या. तीन आणि दोन पाच. हॉलमध्ये एकच गलका झाला. मी वर्गात हे यंत्र फळ्यावर काढलं होतं; असा गलका कधी ऐकला नव्हता.

पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहिले. "म्हणजे बेरजेला हे यंत्र. पत्र लिहायला दुसरं, पंचांगाला तिसरं. अशी किती यंत्रं ठेवायची?"

मला हाच प्रश्न हवा होता. "एकच! आत्ता मी नियम वाचून दाखवले ना? तेच नियम उपड्या-सुलट्या वाट्यांच्या खुणांनी लिहिता येतात. म्हणजे रांगेच्या सुरुवातीला यंत्राचं वर्णन मांडायचं, पुढे त्याला दिलेलं काम मांडायचं. आणि एक असं यंत्र करता येतं की जे समोर मांडलेलं वर्णन वाचतं आणि त्या यंत्रासारखं वागतं. बेरजेचं वर्णन मांडा, बेरीज करील. पंचांगाचं मांडा, पंचांग करील. विद्यापीठातल्या ज्या डब्यावर मुलं पत्र टाइप करतात, त्याच डब्यावर दुसरा मुलगा पुलाचं गणित करतो, ते याच्यामुळे. डबा बदलावा लागत नाही."

"सर्व यंत्रांचं सोंग घेणारं एक यंत्र," मामंजी जागेवरून म्हणाले. "बहुरूपी. छान. आता पूर्वपक्ष."

ते उठले आणि माझ्या हातातल्या नियमांच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पेन्सिलीने एकच शब्द खोडला. जास्वंदाच्या नियमात 'दूर्वा घे' होतं, तिथे त्यांनी 'झेंडू घे' केलं. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. वाट्या पुन्हा पहिल्यासारख्या मांडून ते म्हणाले, "चालवा."

सासूबाई निघाल्या. सुरुवात पहिल्यासारखीच झाली. पण शेवटच्या सुलट्या वाटीपलीकडे गेल्यावर त्या एक पाऊल मागे आल्या, झेंडू घेतला, पुन्हा पुढे आल्या, उपडी वाटी सुलटी केली, जास्वंद घेतलं, पुढे गेल्या, उपडी दिसली, एक पाऊल मागे, झेंडू. एक मागे, दोन पुढे. एक मागे, दोन पुढे. मागे सुलट्या वाट्यांची रांग लांबत चालली.

त्या दाराशी पोचल्या. वाट्या संपल्या.

"यंत्राची पट्टी संपायला नको," मी म्हटलं. "हवी तेवढी वाढवता आली पाहिजे."

मी हे सहज बोलून गेले. पण मुलं भांडाराकडे धावली, वाट्यांच्या चळती घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर गल्लीत उपड्या मांडत सुटली. सासूबाई उंबरा ओलांडून बाहेर. अख्खा हॉल त्यांच्या मागे. मी पुठ्ठा धरून नियम ओरडत होते. एव्हाना त्यांना नियम पाठ झाले होते, तरी मी ओरडत होते. भांडार रिकामं झालं तेव्हा शेजारच्या खिडकीतून कुणी विचारलं, "भाभी, और कटोरी लाएँ?" आणि घराघरांतून वाट्या यायला लागल्या. पितळी, स्टीलच्या, एक तर चांदीची. कुणाचीतरी बकरी मध्ये आली आणि तबकातल्या दूर्वा खाऊन गेली.

"आता कसं थांबणार?" एक मुलगी किंचाळली.

"तशीही थांबणार नव्हती," मामंजी म्हणाले. ते गर्दीतून वाट काढत सासूबाईंच्या बरोबरीने चालत होते, धोतराचा सोगा हातात धरून. "बघा. थांबायचं फक्त दूर्वांच्या नियमात आहे. आणि आता दूर्वा घ्यायला सांगणारा नियमच उरलेला नाही. बकरीचा काही दोष नाही."

गल्ली घाटाकडे उतरते. भाद्रपदात गंगा वर आलेली असते, खालच्या पायऱ्या पाण्याखाली. शेवटची वाटी मुलांनी पाण्याच्या अगदी कडेला ठेवली होती. सासूबाईंनी ती सुलटी केली, जास्वंद घेतलं आणि समोर पाहिलं. पाणी.

"काय गं? गंगेत उतरू?"

सगळे हसले, आणि मीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मामंजी मात्र हसत नव्हते. ते पायरीवर वळून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई, हे यंत्र थांबणार नाही हे मला नियम वाचून कळलं. चालवून बघावं लागलं नाही. मग कोणतंही यंत्र, कोणतंही काम माझ्यापुढे ठेवलं, तर ते थांबेल की नाही हे नियम वाचून सांगणारं यंत्र का होणार नाही? सांग."

लोक पायऱ्यांवर बसले. मला आवाज चढवावा लागला नाही.

"समजा, झालं असं यंत्र. त्याला ज्योतिषी म्हणू. त्याच्यापुढे कोणत्याही यंत्राचं वर्णन आणि त्याचं काम मांडलं की तो सांगतो, थांबेल किंवा थांबणार नाही. कधी चुकत नाही."

"काशीत असे फार आहेत," कुणीतरी म्हणालं.

"आता मी दुसरं एक यंत्र करते. नाठाळ. नाठाळापुढे एखाद्या यंत्राचं वर्णन ठेवलं की तो ज्योतिष्याला विचारतो, 'या यंत्राला काम म्हणून त्याचं स्वतःचंच वर्णन दिलं तर ते थांबेल का?' ज्योतिषी म्हणाला थांबेल, तर नाठाळ आत्ता आई चालल्या तसा चालत सुटतो, कधीच थांबत नाही. ज्योतिषी म्हणाला थांबणार नाही, तर नाठाळ तिथल्या तिथे थांबतो. बस, एवढाच त्याचा धंदा. ज्योतिषी करता येत असेल तर नाठाळही करता येतो, कारण त्याच्या पोटात ज्योतिषीच आहे."

"बरं मग?"

"मग नाठाळापुढे नाठाळाचंच वर्णन ठेवायचं."

मामंजींचे ओठ हलत होते. "ज्योतिषी म्हणाला, नाठाळ थांबेल... तर तो थांबत नाही. म्हणाला थांबणार नाही... तर थांबतो." त्यांनी एकदम टाळी वाजवली. "व्याघात! स्वतःचंच बोलणं स्वतःला खोडून काढतं! काहीही म्हटलं तरी ज्योतिषी खोटा. म्हणजे तो मुळात नाहीच!" आणि घाटावरच्या त्या गर्दीत, सगळ्यांसमोर, त्यांनी मला वाकून नमस्कार करण्यासाठी हात जोडले. मी धावत जाऊन त्यांचे हात धरले. सासूबाई तबक सांभाळत म्हणाल्या, "अहो, तमाशा काय लावलाय, ती सून आहे," पण त्यांचाही चेहरा फुलला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारभर आमच्या घरात वाट्यांचा बाजार भरला. बुडाशी कोरलेली नावं वाचून ज्याची त्याला द्यायची. चांदीची वाटी घ्यायला आलेल्या बाई दारातच बसल्या आणि नाठाळाचं पुन्हा समजावून घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "हमारे देवर जैसा है!"

मला त्या आठवड्यात झोप कशी ती लागत नव्हती. मी वर्गात 'अशक्य' हा शब्द दार बंद केल्यासारखा वापरत आले होते. पण घाटावर मामंजींनी त्यातलीच एक शक्य असलेली गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत केली होती. एका विशिष्ट यंत्राचा निकाल त्यांनी नियम वाचून दिला होता. सगळ्यांचा देता येत नाही. पण काहींचा नक्की देता येतो. मी मुलांचे अडकणारे प्रोग्राम घेऊन बसले. बहुतेकांच्या चुका साध्या होत्या: मोजणी पुढे न्यायला विसरले, थांबायची अट कधीच पुरी होणार नाही अशी लिहिली. दोन विद्यार्थिनींना हाताशी घेऊन मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. दुसऱ्याचा प्रोग्राम वाचून तो तीनपैकी एक उत्तर द्यायचा: थांबेल, थांबणार नाही, सांगता येत नाही.

विभागप्रमुखांना दाखवला तेव्हा त्यांनी तिसऱ्या उत्तरावर बोट ठेवलं. "यह क्या हुआ?"

"सर, यह ईमानदारी हुई."

त्यांनी तो प्रयोगशाळेत लावू दिला. सगळे अडकणारे प्रोग्राम त्याने पकडले नाहीत, पण रांग सरकायला लागली. पुढे माझ्या प्रबंधाचा विषयही हाच झाला: कोणत्या कोणत्या जातीच्या प्रोग्रामांचा असा निकाल देता येतो.

मामंजींचं समाधान मात्र अर्धंच झालं होतं. न होणाऱ्या यंत्राची सिद्धी त्यांनी आनंदाने मान्य केली होती. 'नियमाने जे होतं ते सगळं हे यंत्र करतं' हा माझा विश्वास त्यांना टोचत होता. तो पाडायला एक उदाहरण पुरेसं होतं, नियमाने होणारं पण यंत्राला न जमणारं. ते शोधण्यात त्यांनी तो हिवाळा घालवला. संकठा घाटावरून स्नान करून येताना त्यांची काठी जिन्यावर जोरजोरात वाजली की मी समजायची, आज काहीतरी सापडलंय.

एका सकाळी मी कणीक मळत असताना ते ओल्या पंच्यानेच माझ्या पुढ्यात उभे राहिले. "सापडलं! विद्यार्थी मान डोलावतो, पण त्याला कळलेलं नसतं. ते मी चेहऱ्यावरून ओळखायचो. तीस वर्षं ओळखलं. करील तुझं यंत्र?"

"कशावरून ओळखायचात? नियम सांगा."

"भुवया..." ते थांबले. "भुवया वर गेल्या आणि नजर पोथीवर नसली तर... नाही, कळलेल्याचीही कधी नसते. मान डोलावण्याचा वेग..." ते खाली बसले. मी कणीक तशीच ठेवली. हात धुवायचंही भान नव्हतं.

"सांगा ना मामंजी. नियम सांगितलात तर मी तो यंत्राला देते."

"आणि नियम सांगता आला नाही तर?"

"तर ते नियमाने होणारं काम नव्हे. मग ते उदाहरणच नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "म्हणजे तुला हरवायचं तर मी नियम सांगितला पाहिजे, आणि सांगितला की तू जिंकलीस! अगं, ही तर शुद्ध लबाडी आहे! या किल्ल्याला दारच नाही!"

"दार नाही म्हणूनच तर सिद्ध होत नाही असं म्हणते मी. कुणी दार दाखवलं तर मी पहिली आत शिरेन."

"आणि मी नियम न सांगता ओळखत होतो, ते काय होतं मग? ते तर होत होतं ना? मुलं समोर होती, मी चुकत नव्हतो."

यावर माझ्याकडे काहीच नव्हतं. कुणाकडेच नसावं. मला ते मनापासून आवडलं. मी तसं म्हणाले, तर ते एवढे खूश झाले की त्यांनी पंचा बदलायच्या आधी सासूबाईंना हाक मारून दोन कप चहा टाकायला सांगितला, एक त्यांचा आणि एक माझा, आणि आम्ही विद्यार्थ्यांच्या भुवयांपासून पुन्हा सुरुवात केली. विद्यापीठात त्या दिवशी मी उशिरा पोचले.